केसपेपरवरची लाल ओळ

वणी,
९ फेब्रुवारी २०२०

प्रिय सलील,

तुझ्या पॉडकास्टच्या शंभराव्या भागाचं आमंत्रण पोचलं. येते. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असं तू लिहिलंस. तसं नाही, पण या कामासाठी मी काढला आहे.

तुझे भाग मी स्वयंपाक करताना ऐकते. आवाज कॉलेजात होता तसाच आहे, चुकीचं उत्तर देतानाही ठाम. सर्पदंशावरचा भाग उत्तम झाला. खेड्यात पहिली नेमणूक मिळालेली मुलं तुझं ऐकून उपचार करतात, म्हणून मी आजवर गप्प राहिले.

फवारणीच्या विषबाधेवरचा भाग मात्र दोनदा ऐकला. एका खेड्यातल्या सिस्टरने डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या पाहून अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध थांबवलं, छातीतली घरघर ऐकलीच नाही आणि रोगी गेला, असं तू त्यात सांगतोस. बाहुल्या नव्हे, छाती पाहा, हा धडा बरोबर आहे. पण तो तू कुठे शिकलास?

२०१७चा सप्टेंबर. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारणारे मजूर रोज आमच्या दवाखान्यात यायचे. दवाखान्याची डॉक्टर मी, पण त्या दिवशी बैठकीला यवतमाळला गेले होते. अडलं तर नागपूरला तुला फोन करायचा, हे मीच ठरवून दिलं होतं. त्यांतला नेमसिंग नावाचा मजूर अत्यवस्थ झाला तेव्हा आमच्या जमनी सिस्टरने तुला फोन केला. बाहुल्या मोठ्या झाल्या ना, मग बंद करा, असं तू म्हणालास. छाती अजून घरघरते, असं ती म्हणाली. तू पुन्हा तेच सांगितलंस. टेलिफोनवरचा आदेश केसपेपरवर लाल शाईने लिहायचा, वेळ टाकायची आणि डॉक्टरांना परत वाचून दाखवायचा, ही शिस्त मी तिला लावली होती. तिने ती पाळली. पहाटे नेमसिंग गेला.

चौकशी लागली तेव्हा तू मला विनवलंस. तो कागद मी फाइलमधून काढून कपाटात ठेवला. का, ते तुला ठाऊक आहे. आता ते लिहायची मला लाज वाटते. ठपका जमनीवर आला आणि तिची बदली लांब फुलसावंगीकडे झाली. तिने तक्रार केली नाही. मला एवढंच म्हणाली, "मॅडम, मी लिहलं होतं नं? मंग कागद कुठी गेला?"

गेल्या महिन्यात ती वणीला माझ्याकडे आली. तिची सलोनी नर्सिंग शिकते. वर्गात तुझा तोच भाग ऐकवला. घरी येऊन पोरीने विचारलं, "आई, थे सिस्टर तूच होती का?" हे जमनीने मला सांगितलं. मी कपाट उघडून कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला आणि माझ्या घरचं पाणीही न पिता गेली. तो राग मी तुझ्या वाट्याचाही सोसला. आता तुझी पाळी.

कागदाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. येत्या रविवारचा शंभरावा भाग विद्यार्थ्यांसमोर थेट होणार, काटछाट करता येणार नाही, म्हणूनच मी हो म्हटलं. जमनीनेही यायला होकार दिला आहे. कागद कुणी लपवला ते आधी मी सांगेन. मग जमनी ती लाल ओळ वाचेल, तुझ्या नावासकट, वेळेसकट. सलोनी पहिल्या रांगेत असेल. तू आजारी पडलास तरी ती वाचली जाईल. आलास तर मधे बोलू नकोस. तिचं वाचून झालं की माईक घे आणि ती ओळ शब्दाला शब्द परत म्हण. आदेश परत म्हणून दाखवायचा असतो. त्या रात्री तिने दाखवला होता.

तुझीच वर्गमैत्रीण आणि रविवारची पाहुणी,
मंजुषा