खुशालरावाचं पाणी आणि दमणीतली माझी जागा

अखंड सौभाग्यवती गोदाबाई हिला, मुक्काम हिवरखेड, भातकुलीहून थोरली बहीण तानुबाई हिचे पोटभर आशीर्वाद. नत्थुजींना माझा रामराम सांगावा आणि त्यांचा खोकला गेला की तिथेच आहे ते कळवावं. इकडे देवाच्या कृपेने सगळी धडधाकट आहेत, माझे गुडघे सोडून. हे पत्र मी सांगते आहे आणि आमचे पटवारी केशवराव लिहीत आहेत. मी ‘मले’ म्हणते, ते ‘मला’ लिहितात. म्हणतात, कागदावर तसंच शोभतं. (शोभू दे. तुला माझा आवाज ठाऊक आहे, तू मनातल्या मनात नीट करून घे.) तिकडे तुझा जानराव वाचून दाखवील. म्हणजे बोलणार मी, ऐकणार तू, आणि मधे दोन बापे बसलेले. जानराव, बापा, ओसरीवर शेजारच्या बाया असतील तर आधी त्यांना घरी जाऊ दे, मग पुढचं वाच. त्या गेल्या नाहीत तर हळू वाच. हळू वाचून तुझ्या आईला ऐकू येत नसेल तर मोठ्यानं वाच, आता काय करायचं.

तुझ्या डोळ्यांचं कळलं तेव्हापासून घास गोड लागत नाही. होळी झाली की बुऱ्हाणपुराकडचा मोतीबिंदूवाला येऊन तुझ्या डोळ्यांत सुई घालणार, असं जानरावानं कळवलं. सुई घातली की कुणाला लख्ख दिसतं, कुणाला होतं तेही दिसत नाही. तो माणूस चांगलाच असेल, मी काही म्हणत नाही. पण त्याच्या आधी मला तुझ्यासमोर येऊन बसायचं आहे. थोडंफार दिसतं तोवर तू माझं तोंड पाहून घ्यावंस, एवढंच. आणि एवढ्याशा गोष्टीत तुझा भाचा, म्हणजे माझा खुशालराव, आडवा बसला आहे. मनानं नाही बसला गं, अंगानं बसला आहे.

त्याचं असं झालं. सातासमुद्रापार कुणाची तरी लढाई लागली (कुणाची ते केशवरावांनी दोनदा समजावलं, मला कळलं नाही आणि त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही) आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आता लढतात ते आणि सुजतो माझा पोरगा, हे कसं, ते मला विचारू नकोस. पण सुजला हे खरं. पूर्वी स्वतः वखर धरायचा, आता मजूर धरतात आणि हा बांधावर घोंगडी टाकून बसतो. अमरावतीच्या बाजारात गेला की चार दलाल चार बाजूंनी ओढतात, आणि आपल्यालाच कापूस विकत मिळावा म्हणून प्रत्येक जण याला जिलबी खाऊ घालतो. हा कुणाचंच मन मोडत नाही. चौघांची खातो आणि कापूस पाचव्याला देतो. घरी येऊन पुन्हा तुपाची वाटी, झोपताना साखर घातलेलं म्हशीचं दूध. म्हैस वाळली, हा भरला.

याच भरात त्यानं दमणी केली. सागवानी साटा, पितळी घुंगरं, बैलांच्या गळ्यात चांदीच्या साखळ्या. (माझ्या गळ्यात काय आहे ते तू पाहिलंच आहेस.) दोन माणसं बसतील अशी गाडी, पुढे हाकायला आमचा पुंजाराम. पहिल्याच दिवशी मी आणि खुशालराव ऐटीत देवदर्शनाला निघालो, तो गावाबाहेरच्या नाल्यात चाकांचा आख मोडला. आम्ही दोघं चिखलात. सगळं गाव खुशालरावाकडे पाहत होतं. मीसुद्धा त्याच्याकडेच पाहत होते, कारण सगळे पाहत होते. नवा आख घातला आणि त्यानं निकाल दिला, “माय, मी कर्ता मानूस. मावशीच्या डोयाचं काम हाय, मले जाच लागन. दोघायचं ओझं गाडीले झेपत नाही. तू घरीच राह्यजो.” साध्या बैलबंडीनं जाईन म्हटलं तर बंड्या कुठे आहेत? गावच्या सगळ्या बंड्या कापूस भरून अमरावतीच्या वाटेवर. रिकामी बंडी मागायला गेलं की लोक असे बघतात, जशी काही मी त्यांची दुभती म्हैस मागते आहे. तेव्हा मी म्हटलं, “बापा, मग तू बारीक हो. होळीले अजून येळ हाय.”

तो लगेच कबूल झाला. याची सवय तुला ठाऊक आहे, कबूल लगेच होतो. अमरावतीला निघालेल्या कापसाच्या बंड्यांवर बसून आम्ही दोघं तिथल्या एका वैद्यबुवांकडे गेलो. मी गुडघ्यांसाठी, तो पोटासाठी. वैद्यबुवा म्हणाले, पाणी पी. भरपूर पी. मात्र जेवणाआधी प्यालास तर रोडावशील, जेवताना मधेमधे प्यालास तर आहेस तसा राहशील, आणि जेवणानंतर प्यालास तर आणखी फुगशील. मोठ्या ग्रंथात असं लिहिलं आहे म्हणाले. मला हे फार पटलं, घरी येईपर्यंत पटलेलं होतं. घरी आल्यावर सूनबाईनं, सुभद्रेनं, एकच प्रश्न विचारला: “आत्याबाई, यायचं जेवन सुरू कवा होते अन् सरते कवा?”

गोदे, तेव्हापासून घरात दुसरं बोलणं नाही. सकाळी न्याहारी झाली की तो तांब्या तोंडाला लावतो. सुभद्रा म्हणते, हे न्याहारीनंतरचं पाणी, ठेवा खाली. तो म्हणतो, हे दुपारच्या जेवणाआधीचं आहे. दुपारी जेवून उठला की पुन्हा तांब्या. का, तर तिसऱ्या प्रहरच्या गूळ-शेंगदाण्यांच्या आधीचं. त्याच्या हिशेबानं तो दिवसभर जेवणाआधीच असतो, तिच्या हिशेबानं दिवसभर जेवणानंतर. मला विचारशील तर दोघांचंही खरं वाटतं. केशवरावांना विचारलं, ते म्हणाले, मधली वेळ धरावी. मधली वेळ धरली तर माणूस आहे तसा राहतो ना, मग पाणी प्यायचं कशाला? (यावर केशवरावांनी लेखणी थांबवून विचार केला आहे. अजून करताहेत.)

मुळात मला पहिल्यापासून शंका होती. आपण कापसावाली माणसं. पाण्यानं वजन घटतं हे आपल्यात कुणी ऐकलं आहे? रात्री कापसाच्या ढिगावर चार घागरी शिंपडल्या की सकाळी काटा कसा खाली जातो, ते या गावच्या लेकराला ठाऊक आहे. (कोण शिंपडतं ते मी लिहायला सांगत नाही, केशवरावांचाही मळा आहे.) म्हणून मी म्हटलं, ग्रंथ राहू दे, काट्यावर पाहू. बाजारात आमच्या अडत्याकडे कापसाचा मोठा काटा टांगलेला असतो. एका पारड्यात खुशालराव, दुसऱ्यात मणाची वजनं. तीन मणांच्या पुढे गेला, किती पुढे ते मापारी सांगत होता पण मी कानावर हात ठेवले. मग त्याला तिथेच दोन तांबे पाणी पाजून पुन्हा चढवलं. पारडं आणखी खाली. मापाऱ्याची सवय बघ. कापसाच्या बोज्यात पाणी मारलं आहे का ते तो रोज आत हात घालून चाचपतो. त्यानं सरळ खुशालरावाच्या पोटात बोटं रुतवली आणि ओरडला, “शेटजी, माल ओला हाय, वजनात कट लागन.” बाजारभर हसू. माझा मुलगा पारड्यात लोंबकळतो आहे, खाली उतरता येत नाही, आणि अडत्या गंभीर तोंडानं म्हणतो, वाळवून आणा, मग भाव करू.

तिथून तणतणत वैद्यबुवांकडे. ते शांतपणे म्हणाले, अहो, ते पाणी बाहेर जाऊ द्या, मग मोजा. बाहेर गेल्यावर मोजलं, तर पूर्वी होता तितकाच. खुशालराव म्हणाला, “मंग पेऊन राहिलो काहाले मी?” वैद्यबुवा म्हणाले, पाण्यानं मांस वितळत नाही, आधी प्यालं की पोट भरल्यासारखं होतं, घास कमी जातात, आणि दुधाच्या जागी पाणी प्यालं तर तेवढं दूध अंगी लागत नाही. एवढंच. आता हे एवढंच होतं तर आधी ग्रंथ कशाला काढला? पण करून पाहिलं. एक तांब्या पिऊन जेवायला बसला, तर खरंच एक भाकर कमी खाल्ली. सुभद्रेनं आनंदानं ती भाकर झाकून ठेवली. तिसऱ्या प्रहरी त्यानं तीच शोधून काढून लोण्याबरोबर खाल्ली. म्हणाला, ही मघाच्या जेवणातली आहे, हिचं पाणी तेव्हाच पिऊन झालं आहे.

तरी एक सांगते, त्याचं तोंड थोडं उतरलं आहे. धोतराची गाठ पुढे सरकली. सुभद्रा म्हणते, रात्रीचं दूध मी बंद केलं त्यामुळे. तो म्हणतो, पाण्यामुळे. मला तिसरंच वाटतं. एवढं पाणी प्यायलेला माणूस घरात बसू शकत नाही. घडीघडी उठून शेताकडे जातो, आणि आपलं शेत गावापासून किती लांब ते तुला माहीत आहे. दोन वर्षं जो बांधावरून उठला नव्हता, तो आता दिवसातून इतक्या वेळा पायी जातो की मजुरांना वाटतं हा पाळत ठेवतो आहे. बिचारे काम करायला लागले. आता पाण्यानं तो उतरला, की चालण्यानं, की सुभद्रेनं दूध लपवलं म्हणून, ते देव जाणे. मी विचार करून करून थकले आणि मलाच तहान लागली.

पण यात माझं काम बिघडलंच. दमणीनं त्याला एकदा अमरावतीला नेऊन पाहिलं. प्रत्येक बाभळीशी गाडी थांबवायची. सकाळी निघालेले, बाजार उठताना पोचले. बैलांना आता अशी सवय लागली आहे की खुशालराव गाडीत नसला तरी बाभूळ दिसली की ते आपणहून उभे राहतात आणि मागे वळून बघतात. हिवरखेडच्या वाटेवर किती बाभळी आहेत तूच सांग. म्हणून आता तो म्हणतो, निघायच्या आठ दिवस आधी पाणी बंद करतो. म्हणजे पुन्हा दूध, पुन्हा जिलबी, पुन्हा दीड माणसाची जागा, आणि मी घरी.

असो. फार लांबलं. लहानथोरांना आशीर्वाद. तुळशीला पाणी घालताना माझी आठवण काढ, आणि घराचा उंबरा जपून ओलांड.

ता. क. खरं सांगायचं ते आता. खुशालराव बाहेर गेला आहे (कुठे ते विचारू नकोस), तोवर केशवराव भराभर लिहिताहेत. तू जानरावाकडून खुशालरावाच्या नावानं एक पत्र लिहव, की हिवरखेडात एक गृहस्थ पाणी पिऊन असा काटक झाला की त्याला ओळखू येईना. मात्र मधे एक दिवसही खंड पडला तर दुप्पट फुगतो. गृहस्थाचं नाव घालू नकोस, हा शोधत येईल. म्हणजे हा पाणी सोडणार नाही, पाण्याच्या धाकानं दमणीत बसणार नाही, आणि त्याच्या जागी मी येईन.

ता. क. दुसरा. वरचं लिहवू नकोस. कापसाच्या गाडीबरोबर पत्र पाठवायचं म्हणून दोन दिवस थांबलो, तेवढ्यात घोटाळा झाला. खुशालराव शेताकडे गेलेला पाहून मी पुंजारामाला म्हटलं, जरा दमणी जोड, एकटीनं बसायची सवय करून पाहते. मी बसले. एकटीच बसले, गोदे. नव्या आखानं असा कर्र आवाज केला की बैलही वळून पाहायला लागले, आणि बाभूळ तर जवळपास कुठे नव्हती. पुंजाराम आभाळाकडे बघत म्हणाला, “आजी, खाली उतर, बैल दमले.” बैल उभेच होते. गाव माझ्या लेकाकडे बघत होतं म्हणून मीही बघत राहिले. तुला सांगते, या कापसाच्या भावानं घरात तूप आलं ते काही त्यानं एकट्यानंच खाल्लं नाही. मी ओसरीवर येऊन बसले, तर सुभद्रा बाहेर आली, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. तो अजून इथेच आहे. मी नुकती जेवले आहे, म्हणून प्यावं की न प्यावं ते कळत नाही.

ता. क. शेवटचा. तुमच्याकडे कापूस नाही, वांगी आणि केळी आहेत, म्हणून तुमची बंडी मोकळी मिळेल. जानराव, बापा, केळी उतरवून ती मोठी बंडी पाठव, खाली जाड कडबा घाल, जुना मजबूत आख असेल ती. गोदे, मी कशीही आले, उशिरा आले तरी, त्या बुऱ्हाणपूरवाल्याला ओसरीवर बसवून ठेव. पहिले मले पाह्य, मंग त्याले डोयाले हात लावू दे. (हे केशवराव बदलून लिहीत होते, मी लिहू दिलं नाही.)