चकलीच्या काट्यासाठी

आई, सांगलीतल्या माझ्या घराच्या मागच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, एक मशीन आहे. चहाच्या टेबलाएवढंच आहे. आपण चित्र काढून ते कॉम्प्युटरमधून त्याला द्यायचं, की त्याचा गरगर फिरणारा बारीक कटर पुढेमागे, डावीउजवीकडे, वरखाली सरकत लाकडातून नाहीतर पितळेतून तेच चित्र कापून काढतो. याला सीएनसी म्हणतात. कारखान्यात असतात ती खोलीएवढी, माझं त्यांच्यापुढे खेळणंच. दिवसभर औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या देणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन पितळेचा कीस का पाडतो, हे तुझ्या सुनेला कधी उमगलं नाही. तिचं माहेर विट्याचं. तिचे दोन्ही भाऊ परमुलखात गलाईच्या धंद्यात. ती म्हणते, "माझे भाऊ सोनं गाळत्यात, आणि आमच्या नशिबाला ह्यो पितळंचा भुगा!" तू तिला पाहिलं नाहीस. तुमचं चांगलं जमलं असतं, दोघींनी मिळून मला धारेवर धरलं असतं.

सुरुवातीला मी त्यावर काय केलं म्हणशील, तर शेजाऱ्यांच्या नावाच्या पाट्या आणि देवघराची एक जाळी. मशीनही तसंच होतं, ढिलं. गोल काप म्हटलं की अंड्याचा आकार काढायचं. त्याचे स्क्रू साधे होते. दिशा बदलली की ते क्षणभर नुसतेच फिरायचे, आणि मग पुढे सरकायचे. जाळीतली कमळं जराशी वाकडी झाली होती, पण पाहुण्यांना ती तशीच असतात असं वाटायचं आणि मीही गप्प बसायचो. असंच चाललं असतं. पण मग आबा आजारी पडले.

ताप साधाच होता, पण दवाखान्यातून गावी परतले ते जेवण सोडूनच. मी त्यांना साताऱ्याकडून इकडे घेऊन आलो. सकाळी चहा, दुपारी वाटीभर दूध, आणि ताटापुढे बसवलं की नुसतं भाकरी कुस्करत बसायचं. आपले आबा, आई! फौजेतून सुट्टीवर आले की एका बैठकीला अख्खी कोंबडी संपवणारे. डॉक्टर म्हणाले, जे आवडतं ते द्या, पण पोटात जाऊ द्या. मी रोज विचारायचो, आबा, काय खाऊ वाटतं? ते भिंतीकडे बघत म्हणायचे, "कायबी नगं." एके दिवशी मात्र म्हणाले, "तुझ्या आईची चकली आसती तर खाल्ली आसती बघ." मला इतका आनंद झाला की मी चप्पल न घालताच दुकानात गेलो आणि दोन पुडे घेऊन आलो. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि वाटी सरकवली. "ही न्हवं."

मग तुझ्या सुनेनं भाजणी केली. दिवाळी नाही, काही नाही, भर उन्हाळ्यात. शेजारणी वास घेत दारात आल्या. तुझी भाजणी कशी असायची ते मला जेवढं आठवलं तेवढं मी सांगितलं, धणे जास्त, जिरं भाजून, आणि तिनं ते मन लावून केलं. चकल्या खुसखुशीत झाल्या होत्या. आबांनी एक खाल्ली, तिला वाईट वाटू नये म्हणून मान डोलावली, आणि ती आत गेल्यावर मला हळूच म्हणाले, "चांगली हाय, पर ही न्हवं रं."

मी ती चकली हातात घेऊन बघत राहिलो, आणि मला एकदम कळलं. काटा नव्हता! तुझ्या चकलीला काटे असायचे. नुसते दिसायला नाही, खरे. पहिला घास घेतला की टाळूला टोचायचे. या बाजारच्या सोऱ्यातून पडलेल्या चकलीच्या अंगावर नुसत्या गुळगुळीत रेघा. तुझा पितळी सोऱ्या माझ्याकडे अजून आहे, पण गाव ते सांगली या हलवाहलवीत त्याच्या चकत्या कुठं गेल्या देव जाणे. आणि आता बाजारात मिळणाऱ्या चकत्या त्याच्या रुंद तोंडात बसतच नाहीत. म्हणजे चकती करायला हवी. आणि माझ्या गॅलरीत पितळ कापणारं मशीन उभं! मी तुझ्या सुनेला स्वयंपाकघरातच जाहीर केलं की आबा जेवायला लागणार. ती म्हणाली, "आधी गॅलरी झाडा."

पण त्यात एक मेख होती. चकतीत चांदणीचं भोक पाडायचं. चांदणीची टोकं जेवढी अणकुचीदार, तेवढा चकलीचा काटा टोकदार. आणि कटर तर गोल फिरतो. गोल फिरणारी वस्तू टोकापर्यंत पोचतच नाही, कोपऱ्यात तिच्या स्वतःच्या जाडीएवढा गोलवा राहतोच. माझ्या पहिल्या चकतीतली चांदणी फुलासारखी दिसत होती आणि चकली पडली ती दोरखंडासारखी. उपाय एकच, कटर अगदी बारीक घ्यायचा, सुईसारखा. पण सुईसारखा कटर ढिल्या मशीनवर लावला की जरा डगमगला तरी टचकन मोडतो. म्हणजे चांदणीसाठी कटर बारीक हवा, आणि कटरसाठी सगळं मशीनच नव्यानं बांधायला हवं. आई, हे लक्षात आलं तेव्हा मला दुःख व्हायला हवं होतं. मी मात्र शीळ घालत कुपवाडला निघालो.

कुपवाडला एक चाचा आहेत. त्यांच्या शेडमध्ये कटरना धार लावून मिळते, आणि दाराशी पितळेचे, ॲल्युमिनियमचे उरलेले तुकडे असतात. ते मला वर्षानुवर्षं ओळखतात. मी त्यांना सांगितलं की ढिल्या स्क्रूंच्या जागी छर्र्यांचे घट्ट बॉलस्क्रू घालायचेत, कटर फिरवणारा स्पिंडल नवा बसवायचाय, सांगाडा जाड पाट्यांचा करायचाय. ते म्हणाले, "मोठी ऑर्डर घावली काय ओ?" मी म्हटलं, "चकली करायचीय." चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "चकली? मग लाडू वळायला काय आणताय, रोबोट?" शेडमधले सगळे हसले आणि मीही हसलो. मग आबांचं सांगितलं. त्यांनी आत जाऊन एक जाड, सरळ, ओरखडा नसलेला तुकडा शोधून दिला, आणि मी निघालो तेव्हा मागून ओरडले, "पहिली चकली हितं आणायची, ध्यानात ठेवा!"

गंमत ऐक. नव्या सांगाड्याच्या पाट्या कापायच्या कशावर? जुन्यावरच. म्हणजे त्या ढिल्या मशीननं, अंडी काढणाऱ्या मशीननं, स्वतःच्याच नव्या अंगाचे भाग कापले. मी त्याला फार जपून चालवलं, एका वेळी कागदाच्या जाडीएवढंच पितळ, ॲल्युमिनियम काढत, शेजारी स्टूल टाकून बसून. मग ते उलगडलं, जेवणाच्या टेबलावर सगळं पसरलं, आणि बरेच दिवस आम्ही सगळे जमिनीवर बसून जेवलो. आबांना ते आवडलं असावं. त्या दिवसांत ते पंगतीला बसायचे आणि स्क्रू कुठला कुठं बसतो ते विचारायचे. त्यांना वाटायचं मी दुकान सोडून कारखाना काढतोय. त्यांच्या पोटात मात्र तेवढंच जायचं. मनगटाची हाडं वर आली होती. मी रोज त्या मनगटांकडे बघायचो आणि हात जरा भरभर चालवायचो.

तिथंच तुझी बोलणी खाल्ली. नव्या मशीनवर पहिला बारीक कटर लावला, घाई झाली होती म्हणून वेग वाढवला, आणि तो मोडला. दुसरा लावला, तोही मोडला. कपाळाला हात लावून बसलो आणि आपलं गावचं स्वयंपाकघर आठवलं. तू मला सोऱ्या फिरवायला दिला आहेस. माझे दंड तेव्हा नुकते भरायला लागलेले, मी जोर दाखवतोय, आणि चकली कागदावर तुटून तुटून पडतेय. तू उलथनं उगारतेस. "आरं दाबू नगंस! कुणाची गाडी सुटली? पीठ त्याच्या चालीनं येतंय तसं येऊ दे." मी उठलो, वेग निम्मा केला, मागच्या बाजूनं आधी खळगा करून पितळ पातळ करून घेतलं, आणि पुन्हा सुरू केलं. कटर चांदणीच्या एका टोकात शिरला, वळला, बाहेर आला, दुसऱ्या टोकात शिरला. आवाज बारीक, एकसारखा, मांजर घुरघुरतं तसा. मी इतका खूश झालो की दोरीवरचा टॉवेल ओढून त्याच्यावर पितळेचा कीस पुसला, आणि त्याबद्दल नंतर जे ऐकायचं ते ऐकलं.

चांदणीची टोकं मी शेवटी बारीक कानशीनं साफ केली. चकती सोऱ्यात बसली, टक् असा आवाज करून. तुझ्या सुनेनं पीठ भरलं, सोऱ्या फिरवला, आणि आई, काटे! प्रत्येक वळशावर, ताठ, एकाशेजारी एक. आम्ही दोघं कढईवर वाकून ओरडलो. ती म्हणाली, "आवं, खरंच आलं की हो!" आणि मला वाटतं त्या दिवशी तिनं मशीनला माफ केलं.

आता आबा. मी निवडून सुंदर चकल्या ताटलीत मांडल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक उचलली, उजेडाकडे धरली, काट्यांवरून बोट फिरवलं. "लय देखणी झालीया," म्हणाले. "कुणी केली?" मी म्हटलं, "आईचीच आहे, आबा. खा की." त्यांनी कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. चावला. आणि तेच. "न्हाई रं. ही न्हवं." मी ताटली उचलली आणि डब्यात परत ओतायला लागलो. डब्याच्या तळाशी काढताना मोडलेल्या चकल्यांचा चुरा होता. आबांनी मान वर केली. "त्यो काय हाय? त्यो चुरा दे की हिकडं."

मी वाटीत दिला. त्यांनी तळहातावर घेतला, डोकं मागं टाकलं आणि फक्की मारली. डोळे मिटले. मग दुसरी, मग तिसरी. "ही बघ. ही तुझ्या आईची." वाटी पुढे केली. "आजून हाय?"

मी उरलेला चुराही वाटीत ओतला. मग त्यांनी सांगितलं, खात खात. तू दिवाळीला पाठवायचीस तो डबा त्यांच्या चौकीपर्यंत पोचायला रेल्वे, मग ट्रक, मग खेचर, आणि तो किती जणांच्या हातातून आपटत यायचा. "उगडला की निस्ता चुरा. आमी समदी चमच्यानं खायाचो. दिवाळीला सुट्टी मला कवा मिळाली? आख्खी चकली तुझ्या आईच्या हातची म्या बघितलीच न्हाई." आणि आई, मला तू आठवलीस, ताटात चकल्या पसरून निवडणारी. ज्या चकलीचा एकही काटा दुखावला नाही तेवढीच आबांच्या डब्यात, वर्तमानपत्राच्या घड्यांत, आणि तो डबा मांजरपाटात शिवून, पत्ता माझ्याकडून लिहून घेऊन. मोडक्या आम्हा पोरांना. उन्हाळ्यात ते सुट्टीवर आले की तू चुलीपाशी बसून विचारायचीस, सगळ्या अख्ख्या पोचल्या का. मी तिथं असायचो. ते म्हणायचे, एकबी मोडली न्हाई. तुझा चेहरा मला दिसतो. त्यांची नोकरी संपायच्या आधीच तू गेलीस, तोच समज घेऊन.

वाटी पुसून खाल्ल्यावर आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिला सांगू नगंस हां. लय निवडून भरायची ती." आणि मी म्हटलं, "नाही सांगत."

आता ते खातात. चुऱ्यावर सुरुवात झाली, मग चुरा आणि दही, मग भाकरीही आली, परवा मटणाचा रस्सा मागितला. मनगटं भरायला लागली आहेत. चाचांना मी अख्खी चकली नेऊन दिली, ती त्यांनी शेडमध्ये सगळ्यांना हातोहात फिरवून दाखवली. तुझी सून मला चिडवते, "येवढं मशीन नव्यानं बांधलं, आन् शेवटी चकली खलबत्त्यात!" तिचं म्हणणं, चुराच करायचा तर बाजारची काय वाईट. मी ऐकत नाही. आधी काट्याची अख्खी चकली करायची, नीट बघायची, आणि मगच मोडायची. यात तू किती आणि नव्या स्पिंडलची हौस किती, ते माझं मलाही सांगता यायचं नाही. पुढच्या महिन्यात शेवेची चकती करणार आहे, तिला टोकं नाहीत, तरीही.

हे पत्र मी पाठवणार नाही. पोस्टाची अडचण नाही गं, आबांना शब्द दिलाय. फक्त एक कबूल करतो. शब्द दिला तेव्हा हे पत्र अर्धं लिहून झालं होतं, काटे आले त्याच दिवशी, चकल्या निवेपर्यंत, तुला बढाई मारायला बसलो होतो, आणि पुढचं लिहिल्यावाचून मला राहवलं नाही. आबा आत झोपलेत. वाटी रिकामी आहे. तू विचारलंसच, तर एकही मोडली नव्हती.