मठ्ठ्यात पडलेले इंजिन व इतर मिळकत

मी, डॉ. विनीता मार्तंड कंधारकर, वय बाहत्तर, व्यवसाय दंतवैद्यक (आता बंद), राहणार औसा रोड, लातूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उभ्या लातूरला मी ‘आ’ करायला लावले, मला कोण दबावात घेणार? यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात माझे पती श्री. मार्तंड यांनी ते हयातभर वापरावे. त्यानंतर घर व बँकेतील ठेवी मुलगा मिहिर आणि मुलगी मृण्मयी यांना समान मिळाव्यात. गच्चीवर कठड्यालगत टाकलेले दोन बोटे रुंदीचे रूळ हा घराचाच भाग समजावा. ते उखडून तिथे पाण्याची टाकी बसवू नये.

२. क्लिनिकचा गाळा माझी मदतनीस राजकन्या हिला द्यावा. तिथे तिने शिवणाचे दुकान टाकावे की गाळा भाड्याने द्यावा, हा तिचा प्रश्न. मधल्या वेळेत मी क्लिनिकमध्येच खेळण्याएवढे, पण वाफेवर चालणारे रेल्वे इंजिन जोडत असे. राजकन्या दारातून डोकावून म्हणायची, “पेशंट बसलाय की मॅडम, अन् तुम्ही इंजिनाचा दात भरायलाव.” पण हे तिने बाहेर कधी कोणाला सांगितले नाही.

३. आता त्या पहिल्या इंजिनाविषयी. मिहिरने परदेशातून त्याचे सुटे भाग मागवले होते, ते वडिलांना निवृत्तीची भेट म्हणून. हे पाटबंधारे खात्यात अभियंता होते, तेव्हा मुलाचा अंदाज चुकीचा नव्हता. पण सूचनापत्रक वाचण्यात यांना कमीपणा वाटे. आठवडाभरात चाके उलटी बसली, शब्द तोंडातून सुलटे येईनात आणि खोके माळ्यावर गेले. ते मी खाली काढले.

कारण सांगते. माझे माहेर बार्शी. लग्नानंतर मी लातूरला आले ती अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने. खिडकीतून बाहेर पाहताना कोळशाचा कण माझ्या डोळ्यात गेला. डबाभर वऱ्हाडी सल्ले देत होते. यांनी रुमालाचे टोक ओले करून तो काढला. तेव्हापासून मला हे आणि ती गाडी, दोन्ही आवडतात. पुढे रूळ रुंद झाले आणि छोटी गाडी गेली.

खोक्यातले इंजिन कुठल्यातरी परदेशी डोंगरातले होते. मी ते आपल्याकडचे केले. पितळी पत्रा कापून छप्पर लांबवले, म्हणजे ड्रायव्हर उन्हात भाजू नये. दात पाहायच्या आरशाचा समोरचा दिवा केला. कवळी घासायच्या चाकावर धुराडे चकाकवले. बॉयलरमध्ये खरे पाणी, खाली स्पिरिटचा दिवा आणि खरी वाफ. ते पहिल्यांदा गच्चीवर चालले तेव्हा हे पेपर वाचत होते. पेपर तसाच हातात धरून हे इंजिनामागून पूर्ण फेरी चालले.

हे इंजिन मृण्मयीला द्यावे. नांदेडला तिच्या लग्नात त्याने विड्यांचे डबे ओढून पाहुण्यांपुढून फेऱ्या मारल्या होत्या. ते काचेच्या कपाटात ठेवू नये. चालवावे, पडले तर उचलावे.

४. पडण्यावरून माझे थोरले दीर श्री. शेषेराव यांच्याकडे यावे लागते. त्याच लग्नात, हा पोरखेळ लोकांसमोर शोभत नाही म्हणून, भाऊजींनी चालते इंजिन उचलले. बॉयलर तापलेला होता. त्यांची बोटे पोळली आणि इंजिन शेजारच्या मठ्ठ्याच्या पातेल्यात गेले. मी भरजरी शालूत बसून टूथब्रशने त्यातली कोथिंबीर काढली. मुलीची पाठवणी व्हायच्या आत इंजिन पुन्हा चालले. तरी इंजिनाने आपल्याला भाजले, असेच भाऊजी आजवर सांगत आले आहेत. साक्षीदाराला मिळकतीतले काही देऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. म्हणून भाऊजींना मी मोठ्या मानाने साक्षीदार केले आहे.

५. कानशी, पकडी व धातूचे सांधे जोडायचे, म्हणजे डाख देण्याचे सामान मिहिरला, पण पुढील कलमातले काम संपल्यावर.

६. दुसरे इंजिन अपुरे आहे. ते जोडायला घेतले आणि माझ्या हातांना कंप सुरू झाला. कंपवात असल्याचे निदान झाले. स्क्रू धरला की खाली पडे. मी क्लिनिक बंद केले आणि खोक्याला झाकण लावले. एका सकाळी पाहते तर हे टेबलाशी बसलेले, चष्मा नाकावर, पुढे सूचनापत्रक उघडलेले.

म्हणाले, “विनीता, तू सांग. मी करतो.”

तेव्हापासून मी सांगते आणि हे करतात. चुकले की मी ओरडते, हे उकलून पुन्हा जोडतात. आयुष्यात यांनी माझे इतके कधी ऐकले नव्हते. यांनी दिलेल्या डाखाचे गोळे चिंचोक्याएवढे दिसतात. पुण्याच्या एका कारागिराकडून ते इंजिन नीट पूर्ण करून आणतो, असे मिहिर म्हणाला. मी नको म्हणाले. ते गोळे कोणी घासून काढू नयेत.

हे इंजिन श्री. मार्तंड यांना द्यावे आणि ते त्यांनीच पूर्ण करावे. हे माझ्याआधी गेल्यास हे कलम रद्द होईल, असे वकील लिहा म्हणाले, म्हणून लिहिले. पण यांना सवड नाही. अजून धुराडे बसायचे आहे, आणि यांनी आणलेला रंग मला पसंत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मृण्मयीने करावी. वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

ठिकाण : लातूर
दिनांक : १४ जानेवारी २०२६

(सही) डॉ. विनीता मार्तंड कंधारकर

साक्षीदार :
१. डॉ. सिद्धराम मुखेडकर, लातूर. विनीताबाईंना मी आज तपासले; त्या पूर्ण भानावर आहेत.
२. शेषेराव कंधारकर, नांदेड. सही केली आहे. बॉयलर तापला आहे हे मला कोणीही सांगितले नव्हते.