माउंट हेस्टरच्या इस्पितळाचं तोंड

५ फेब्रुवारी १९१२, पर्थ, पश्चिम ऑस्ट्रेलिया
साफ ‘नाही’ सांगून आलो!

बांधकाम खात्याचे सचिव कॅडेल माझा नकाशा पसरून बसले होते. "माउंट हेस्टरची कमिटी भडकली आहे. इस्पितळाची पाठ हमरस्त्याकडे? तोंड फिरवा आणि सही करा. जूनमध्ये मुख्य आर्किटेक्टची खुर्ची रिकामी होते आहे, एवढं लक्षात ठेवा."

हमरस्ता तिथे पश्चिमेला. दर्शनी व्हरांडा तिकडे केला की डिसेंबर ते फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात दुपारभर ऊन थेट खाटांवर. खाणीच्या धुळीने फुप्फुसं गेलेली माणसं आहेत ती — उठून जाणार कुठे? खाटा उत्तरेच्या व्हरांड्यात, पुढे आलेल्या छपराखाली. पश्चिमेला नुसती विटांची भिंत. यात बदल नाही.

६ फेब्रुवारी
रात्री बायकोला सगळं सांगितलं. एडिथ म्हणाली, "खुर्ची गेली तर गेली. पण मग घरात चिडचिड करायची नाही." कबूल केलं.

९ फेब्रुवारी, माउंट हेस्टर
कमिटीचा अध्यक्ष मॅकगॉरी, हॉटेलवाला. मला बसूही दिलं नाही. "काय हो साहेब, माझ्या हॉटेलाचं तोंड रस्त्याकडे, बँकेचं रस्त्याकडे, तुरुंगाचंसुद्धा रस्त्याकडे. इस्पितळानेच तुमचं काय घोडं मारलंय?"

वाद घातला नाही. मेट्रन मिस ट्रेगियरकडून एक खाट मागून घेतली आणि सध्याच्या पत्र्याच्या वॉर्डात, रस्त्याच्या बाजूला टाकली. म्हटलं, "उद्या दुपारी तीनला या. इथे आडवे व्हा. उठलात की बोलू."

"त्यात काय!" म्हणाला.

१० फेब्रुवारी
तेरा मिनिटं! मिस ट्रेगियर घड्याळ धरून उभी होती. मॅकगॉरी लालबुंद होऊन उठला, मला एक सणसणीत शिवी हासडली आणि माझ्या नकाशावर सही केली. जाता जाता वळून म्हणाला, "पण त्या भिंतीवर गावाचं नाव मोठ्ठ्या अक्षरात पाहिजे." घालू म्हटलं. मनातून फार आवडला मला तो माणूस.

२ जुलै, पर्थ
मुख्य आर्किटेक्टची खुर्ची खात्यातल्या लेथमला मिळाली. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. तिकडे भिंती मात्र माझ्याच नकाशाप्रमाणे चढताहेत.

मला कॅडेलनी तळघरात जुन्या तक्रारी लावायला बसवलं आहे. "तुम्हाला आजाऱ्यांची फार कळकळ ना!" असू दे. बसतो. घरी चिडचिड केली नाही — फारशी.

४ जुलै
१९०३ची फाइल. डॅलिंग क्रीकच्या इस्पितळातल्या मेट्रनचं पत्र. वॉर्ड पश्चिमेला उघडा आहे, दुपारी रोगी बेशुद्ध पडतात, जानेवारीत तिघे गेले, कृपा करून काही करा. खाली शेरा: "दर्शनी बाजू बदलता येणार नाही."

अक्षर माझं. सही माझी. मला आठवतसुद्धा नाही.

डिसेंबरच्या उन्हाळ्याला अजून पाच महिने आहेत. उद्या सकाळच्या गाडीने डॅलिंग क्रीकला निघतो.