खाऱ्या पाण्याची टाकी, त्यातले दोन मासे आणि तपासणीच्या बाटल्या यांबाबत

मी, केन्झेबेक ओतारबायुली, वय एकाहत्तर, राहणार कारागांदा, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हात ठिकाणावर नाही, म्हणून मी बोलतो आहे आणि वरच्या मजल्यावरच्या वालेन्तिना त्सोय लिहीत आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी उरलेलेच नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात टाकी आणि मासे भाच्याच्या नावे केले होते, ते मृत्युपत्र रद्द समजावे. डॉक्टरांनी मला वसंत दिसेल असे म्हटलेले नाही, आणि माझ्यामागे त्या दोन माशांचे काय, एवढ्या एका प्रश्नासाठी हे सगळे पुन्हा लिहावे लागत आहे.

कलम एक. राहता दोन खोल्यांचा फ्लॅट धाकटी बहीण कुल्याश हिला. तिच्या नवऱ्याला नाही. मेहुणेसाहेब लग्न झाल्यापासून माझ्या टाकीला डबके म्हणत आले आणि त्याच डबक्यासमोरच्या माझ्या खुर्चीत बसून माझाच चहा ढोसत आले. त्यांनी फ्लॅटमध्ये खुशाल राहावे, पण ती खुर्ची त्यांना मिळू नये. मी ती वालेन्तिनांना देणार होतो. नोटरीबाई म्हणाल्या, जो लिहितो किंवा साक्ष देतो त्याला काही देता येत नाही. मग खुर्ची खाली दारापाशी ठेवावी, कुत्र्यांनी बसावे.

कलम दोन. मेण कापायचे चाकू, छोटी भट्टी आणि दातांच्या छटांची पट्टी जुना सहकारी अमानगेल्दी याला. चहाने पिवळा पडलेला दात वेगळा आणि सिगारेटने पडलेला वेगळा, हे मी जन्मभर उत्तरेच्या खिडकीत, दिवसाउजेडी बघून ठरवत आलो. हा गडी ट्यूबलाइटखाली रंग जुळवतो. त्यामुळे अर्धे गाव निळसर हसते. आता तरी त्याने खिडकीपाशी बसावे.

कलम तीन. पाणी तपासायच्या बाटल्या, काचेच्या नळ्या आणि रंगांची कार्डे. हे कलम जुन्या मृत्युपत्रातून जसेच्या तसे उचलले आहे. तेव्हा ते भाच्यासाठी होते. आता कोणासाठी, मला ठाऊक नाही. पण शिकायला आयुष्य गेले आहे, म्हणून राहू देतो.

कागदाच्या पट्ट्या घेऊ नयेत. बुडवली की झाले, असे दुकानदार सांगतो. तिच्यावर जो रंग उमटतो त्यावरून मासा जिवंत आहे एवढे फार तर कळेल, आणि ते काचेतून दिसतेच. अमोनियाची, नायट्रेटची, खारेपणाची अशी एकेक वेगळी टेस्ट घ्यावी. डब्यावरची नको, बाटलीवरची तारीख वाचावी. आमच्याकडे लबाड दुकानदार नवा डबा घालून जुनी बाटली विकतात. हिवाळ्यात काहीही मागवू नये. बसच्या टपावरून आलेली बाटली वाटेत गोठते, घरी येऊन वितळते, दिसायला ठणठणीत असते आणि मग तोंडावर खोटे बोलते. वर्षाची खरेदी सप्टेंबरातच उरकावी.

नळी आधी टाकीच्याच पाण्याने विसळावी. थेंब टाकताना बाटली सरळ उभी धरावी, तिरकी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात. नळीमागे पांढरा कागद धरून खिडकीशी रंग बघावा. आणि नायट्रेटची दुसरी बाटली जिवाच्या आकांताने हलवावी, टेबलावर आपटावी, पुन्हा हलवावी. तिच्या तळाशी पूड बसते. न हलवता थेंब टाकले तर पाणी पिवळेधमक दिसते, म्हणजे सगळे उत्तम. उत्तम काही नसते.

कलम चार. टाकी.

ती माझ्या बायकोची, शोल्पानची. शोल्पान आराल्स्कची, समुद्र आटून गेलेल्या गावची. तिच्या बापाची होडी वाळूत उभी राहिली तेव्हा ती शाळेत होती. लग्नानंतर इथे आली, कोळशाच्या गावात, आणि एके दिवशी म्हणाली, “मला घरात समुद्र हवा.” मी हसलो. मग टाकी आणली, मीठ आणले, पाणी कालवले. ती बोट बुडवून चाटायची आणि तोंड वाकडे करायची.

“खारट झालंय.”

“अगं, मोजलंय मी. बरोबर आहे.”

“तुझं मोजणं चुलीत घाल. समुद्र इतका खारट नसतो.”

तिचा समुद्र खरेच कमी खारा होता. दुकानातले मीठ महासागराचे, आणि मासेही तिकडचेच. ते तिला पटवता पटवता आमचा संसार झाला. माझी पाठ वळली की ती गुपचूप तांब्याभर गोडे पाणी ओतायची, मग मी मोजायचो आणि मीठ घालायचो. मूलबाळ झाले नाही. ते दोन नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे आणि ज्यात ते झोपायचे ते जिवंत समुद्रफूल, एवढेच आमचे घर. ती गेली तेव्हा मासे राहिले. मला वाटले होते, मीच आधी जाईन.

गेल्या हिवाळ्यात मी बर्फावर घसरलो आणि मांडीचे हाड मोडून दवाखान्यात पडलो. कुल्याशचा मुलगा झान्दोस रोज येऊन टाकी बघायचा. चांगला मुलगा आहे, हे इथे मुद्दाम लिहावे. फोनवर सांगायचा, “मामा, नायट्रेट एकदम कमी. पिवळंधमक पाणी. तुम्ही नुसते आराम करा.” मीही आराम केला. कुबड्यांवर घरी आलो तर समुद्रफुलाचा चिखल झालेला, मासे वर येऊन तोंड उघडत होते, आणि दुसऱ्या बाटलीच्या तळाशी पूड जशीच्या तशी. मी पोरावर हात उचलला. मारला नाही. नुसता उचलला.

आमच्यात बहिणीच्या मुलावर हात उगारू नये म्हणतात, उगारणाऱ्याचा हात थरथरतो. उन्हाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतो आहे. डॉक्टर म्हणतात, नसांचा आजार, फार आधीपासून मुरलेला. कुल्याश म्हणते, “दादा, डॉक्टरला काय कळतंय? तू पोरावर हात उचललास.” असो. आता मी एक थेंब टाकायला गेलो की तीन पडतात. गेल्या कित्येक आठवड्यांत एकही टेस्ट खरी आलेली नाही. अंदाजाने पाणी बदलतो आणि सकाळी मासे हलताना दिसले की चहा घेतो.

भाच्याला मामाकडे तीन गोष्टी मागता येतात आणि मामाला नाही म्हणता येत नाही. झान्दोसने पाचव्या वर्षी माझी कोल्ह्याच्या कातड्याची टोपी मागितली. दिली, आणि तो हिवाळाभर मी कान चोळत फिरलो. मोठा झाल्यावर साइडकारवाली मोटरसायकल मागितली. तीही दिली, त्याने ती नाल्यात घातली. तिसरे मागणे राहिले होते. मृत्युपत्रात टाकी त्याच्या नावे केली आहे असे मी गेल्या महिन्यात एका रविवारी त्याला सांगितले. कुल्याश चहा ओतत होती. त्याने चहाची वाटी बाजूला सारली.

“मामा, माझं एक मागणं उरलंय ना?”

मला बरे वाटले. म्हटले, पोरगा स्वतःच्या तोंडाने मागून घेतोय. “माग की.”

“ती टाकी मला देऊ नका.”

“अरे, काय बोलतोस,” कुल्याश म्हणाली.

“आई, थांब. मामा, माझ्या हातनं एकदा ते समुद्रफूल मेलंय. आता मी बाटली दहा वेळा हलवली तरी मला वाटणार, हललीच नाही. मामीचे मासे आहेत ते. माझ्या हातनं नको. दुसरं काहीही सांगा.”

मी म्हणालो, “दिलं.” दुसरे काही म्हणता येतच नाही. नोटरीबाईंनाही विचारून झाले. त्या म्हणाल्या, मासे नावावर करता येतात, माया नावावर करता येत नाही. गावातला दुकानदार गोड्या पाण्याचेच ठेवतो. खाऱ्या पाण्याची हौस असलेले एक गृहस्थ होते, ते टाकी विकून जर्मनीला गेले. अल्माटीला पाठवावे तर वाटेत पिशवीतले पाणी मासे पोहोचण्याआधी गार पडेल. वालेन्तिना म्हणाल्या, “मी बघीन.” त्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही, हे त्यांनीच लिहावे असे मी सांगतो आहे.

म्हणजे कोणी नाही. शोल्पानचे या जगात जिवंत असे दोन मासे उरले आहेत आणि त्यांना घेणारे कोणी नाही. मी सगळीकडून विचार करून पाहिला. मला रडूही येत नाही, इतका थकलो आहे.

कलम पाच. टाकी कोणालाही जात नाही. हे कलम माझ्यामागे कोणी पार पाडायचे नाही. ते मी आधीच, स्वतः पार पाडणार आहे. मी गेल्यावर पंप चालू राहील, पाणी कणाकणाने बिघडेल, मासे रोज थोडे गुदमरतील आणि मेहुणा म्हणेल, छान पोहतायत की. हे मी होऊ देणार नाही. कवळ्या करणाऱ्याच्या कपाटात लवंगेचे तेल असतेच. बादलीत टाकीचेच पाणी घेऊन त्यात ते कालवले की मासा सुस्तावतो, मग झोपतो, आणि मग उठत नाही. दुखत नाही म्हणतात. मला न्यायला दवाखान्याची गाडी यायच्या दिवशी सकाळी त्यांना खायला घालून मी ते करीन. दोघांना एकाच बादलीत.

वालेन्तिना लिहायच्या थांबल्या आहेत. म्हणतात, “हात इतका थरथरतोय, तुम्हाला जमायचं कसं?”

जमेल. हे थेंब मोजावे लागत नाहीत.

वर लिहिलेले मला वाचून दाखवले, ते माझेच बोलणे आहे. सही वाकडी आली आहे, तीही माझीच.

केन्झेबेक ओतारबायुली

साक्षीदार :
वालेन्तिना त्सोय, तिसरा मजला (लिहिणाऱ्या)
सापारगाली झुनुसोव, तळमजला

कारागांदा, ९ डिसेंबर २०१९