फुको घरी बसला म्हणून चढलेला माकुलांचा भाव

मी, दोसिंदा लोउरिदो, कै. फुको बेसादा यांची पत्नी, राहणार सान अमेदेउ बंदर, गॅलिशिया, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत, असे नोटरीसाहेब म्हणाले.

१. घर व बँकेतली शिल्लक माझी मुलगी उशीया हिला.

२. माझे लाकडी स्टूल मासळीबाजाराला द्यावे. त्यावर उभी राहून मी जन्मभर ताज्या माकुलांचा लिलाव पुकारला. भाव वरून खाली उतरवत यायचे. जो आधी हात उचलेल, त्याचा माल. एका हिवाळ्यात माझा नवरा तापाने घरी राहिला आणि त्याच दिवशी माकुलांचा भाव दुप्पट झाला. वादळामुळे निम्म्या होड्या बाहेरच पडल्या नव्हत्या. माल कमी, म्हणून भाव जास्त. पण शेजारच्या रामिरो कौसोने गावभर केले की फुको समुद्रावर गेला की भाव पडतो. मी घसा फोडून सांगितले. भाव पुकारणारीचे भावाबद्दल कोण ऐकतो?

सगळ्यांनी फुकोला हात जोडले. रामिरो म्हणाला, "तू नुसता बस. तुझ्या वाटणीची माकुलं आम्ही आणून देतो."

फुको बसला, तो कायमचाच. भाव चढला की लोक खिडकीखाली येऊन आभार मानत. पडला की विचारत, मध्ये उठला होतास का? तो शपथेवर नाही म्हणे.

३. फुकोच्या दफनाला सगळ्या होड्या बंदरात थांबल्या, आणि माकुलांना कधी नव्हे तो भाव आला. रामिरो शवपेटीवर वाकून म्हणाला, "जमवलंस, गड्या." हे मी माफ केलेले नाही. फुकोची खुर्ची रामिरोला द्यावी. भावाची काळजी असेल तर आता त्याने बसावे. तो या मृत्युपत्राचा साक्षीदार असला तरी वस्तू किरकोळ असल्याने त्याला देता येते, असे नोटरीसाहेबांचे मत आहे.

४. होडी उशीयाला. तिला समुद्रावर जायचे होते. "पोरी, बापाचं रक्त आहे, भाव बुडेल," म्हणून रामिरोने अडवले आणि ती मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात लागली. शेवटच्या आजारात फुको मला म्हणाला, "एकदा जाऊन बघायला हवं होतं गं." म्हणून मला पुरले की दुसऱ्याच दिवशी उशीयाने होडी काढावी. भाव पडला तर पडू दे. गरिबाच्या ताटातही माकूल येईल.

सही: दोसिंदा लोउरिदो
सान अमेदेउ, ३ मार्च २०२४

साक्षीदार:
१. ओबदुलिया फ्रेइरे, पाववाली
२. रामिरो कौसो. यास मुद्दाम बोलावून सर्व वाचून दाखवले. त्याने लेखणी हातात घेतली. मग म्हणाला, "निदान नाताळात, भाव चढतो तेव्हा तरी पोरीनं जाऊ नये, एवढं लिही." लिहिलेले नाही. सही केली.