रुक्मिणीबाईंना न दिलेली झील

मी, साखराबाई भ्र. म्हाळू देवकते, वय ६९, धंदा मेंढपाळी, राहणार पाली, ता. जि. बीड, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकानं नव्हे, माझ्या मर्जीनं सांगते आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्यानं माझी मेंढरं मला एकेक तोंडावरून ओळखायला लावावी. लिहिणारी माझी नात उज्ज्वला. मी बोलते तसं लिही, शहाणपणा करू नको, असं तिला बजावलं आहे.

१. दोन खोल्यांचं घर मुलगा जीवन याला. पत्रे मी बदलले, दार त्यानं बदलावं.

२. चोवीस मेंढ्या जीवन व उज्ज्वला यांना निम्म्या-निम्म्या. काळ्या तोंडाची लबाड मेंढी जीवनलाच. दोघांचं जमतं.

३. कातर, घोंगड्या व बँकेत असेल ते उज्ज्वलाला, कारण तिनं मला ती तबकडी ऐकवली. दिवाळीत ती बीडच्या क्लासहून आली. मी लोकर विंचरत होते. मोबाईलवर लावून म्हणाली, "आजी, अमेरिकेतल्या एका काळ्या बाईच्या गाण्यांची पन्नास वर्षांपूर्वीची तबकडी हाय. सोल म्हणतात असल्या गाण्याला." मी म्हणाले, "मला काय डोंबल कळणार?" शब्द एक कळला नाही. पण ती बाई ओळ अर्धी सोडायची आणि मागच्या तिघी ती उचलून धरायच्या. अगं बाई, ही तर आमची झील! एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी शेवट झेलायचा. मी लोकर टाकली आणि चौथी झाले. सगळी गाणी झाली तशी परत पहिल्यापासून लावायला लावली. इतका आनंद मला जीवन जन्मला तेव्हाही झाला नव्हता. त्यानं मनाला लावून घेऊ नये.

४. मग मनात आलं, या तिघींनी तोंड मिटलं असतं तर? आणि मला रडू फुटलं, कारण तेच मी केलं आहे. बावीस वर्षांपूर्वी जीवनच्या हळदीत माझ्या थोरल्या जाऊ रुक्मिणीबाई यांनी मला न विचारता गाणं उचललं. लेक माझा, मान माझा, म्हणून मी झील दिली नाही. माझ्याकडं बघून कुणीच दिली नाही. भरल्या मांडवात त्या एकट्या पडल्या आणि उठून गेल्या. तेव्हापासून आमचं बोलणं बंद, त्यांचं गाणंही बंद. दोष माझा. सबब माझ्या तेराव्याला रुक्मिणीबाईंनी गावं आणि घरातल्या सगळ्यांनी झील द्यावी. जो देणार नाही त्याला एकही मेंढी मिळणार नाही.

५. वरची दोन कलमं उज्ज्वलानं रुक्मिणीबाईंना वाचून दाखवली. त्या तिच्यासोबतच काठी टेकत आल्या. "साखरे, मी पाच वर्षांनी मोठी हाय तुझ्याहून. तुझ्या तेराव्याला कुठून येऊ? आन् मरूस्तोर थांबायचं कावून?" मी पाया पडले. "चुकलं बाई माझं." "लई उशीर केलास. आता ती तुझी अमेरिकेची बाई ऐकव आधी." तीन गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली. चौथं बंद करायला लावलं आणि स्वतःच सुरू केलं. आवाज कापत होता, सूर जागेवर होता. मी झील दिली.

सबब कलम ४ आज जिवंतपणीच अमलात आलं आहे. बाकीच्या कलमांची मला काही घाई नाही.

ठिकाण: पाली
दि. ९ डिसेंबर २०२४
निशाणी डावा अंगठा: साखराबाई भ्र. म्हाळू देवकते

साखराबाईंनी समजून-उमजून आम्हां दोघांसमक्ष अंगठा केला. झील आम्हीही दिली.
साक्षीदार: सुंदरराव (सही), आप्पाराव (सही)